थंडीतल्या संध्याकाळी काय लावायचं: बेक्ड व्हेज की पोपटी?

परवा धाकट्या जावेचा फोन आला. "ताई, शनिवारी दहा माणसं जेवायला आहेत, गारठा मरणाचा पडलाय आणि ओटीजी, तो छोटा विजेचा ओव्हन, नवाकोरा आहे. बेक्ड व्हेज करू, की तुमच्या माहेरची ती पोपटी?" फोनवर मी म्हटलं, "आधी सांग, दहातली म्हातारी किती आणि पोरं किती?" तिला वाटलं मी टाळतेय. पण निवड खरोखर तिथेच होते. बेक्ड व्हेज म्हणजे व्हाइट सॉस आणि चीज घालून ओव्हनमध्ये भाजलेल्या भाज्या, आणि पोपटी म्हणजे पाला घालून मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा. दोन्ही पदार्थ हिवाळ्याच्या भाज्यांचे, दोन्ही बंद उष्णतेत शिजणारे, दोन्ही गरम असतानाच खायचे. त्यापलीकडे त्यांच्यात साम्य जवळजवळ नाही.

पहिला फरक पाण्याचा. बेक्ड व्हेजमध्ये भाजी आधीच वाफवलेली असते. ओव्हन फक्त तिला सॉसमध्ये मुरवतो आणि वरून तांबूस करतो. पोपटीत भाजी कच्चीच आत जाते, वरून पाण्याचा थेंब घालायचा नाही, तेलही नाही. शेंगांमधलं आणि पाल्यातलं पाणी वाफ होतं आणि त्या वाफेवर सगळं शिजतं. म्हणून बेक्ड व्हेज सावरता येतं. मीठ कमी पडलं, सॉस पातळ झाला, तर ट्रे आत जाण्याआधी दुरुस्ती होते. पोपटीचं मडकं एकदा बंद केलं की मग जे होईल ते होईल.

बेक्ड व्हेजबद्दल आधी बोलते, कारण त्यात माणसं जास्त फसतात. सोपं वाटतं ना, म्हणून. हॉटेलच्या मेनूवर 'ऑ ग्रातँ' नावाने जे येतं तेच हे. दहा माणसांसाठी दीड किलो चिरलेल्या भाज्या, एक लिटर दूध, 60 ग्रॅम लोणी, 60 ग्रॅम मैदा. मैदा लोण्यात मंद आचेवर परतायचा, कच्चा वास जाईपर्यंत, पण रंग बदलू द्यायचा नाही. मग दूध थोडं थोडं घालत ढवळायचं. सगळं दूध एकदम ओतलंत तर गुठळ्या ठरलेल्या. सॉस एकदा नीट खदखदला पाहिजे, त्याशिवाय मैदा पुरता फुलत नाही आणि तोंडात पिठूळ लागतं. मिरेपूड, चिमूटभर जायफळ, आणि अर्धा चमचा मोहरीची पूड. मोहरी जाणवत नाही, पण तिच्यामुळे चीज जास्त चीजसारखं लागतं.

दाटपणाचं गणित असं की सॉस गॅसवरून उतरवताना आपल्याला हवा त्यापेक्षा सैल असायला हवा, साधारण दाटसर कढीइतका. ओव्हनमध्ये तो आटतो, बाहेर आल्यावर निवताना आणखी घट्ट होतो. गॅसवरच हवा तेवढा दाट केलात तर पानात वडी पडते. मैदा नको असेल तर कणीक चालते. रंग मळकट येतो, चव बरी असते. कॉर्नफ्लोअरचा सॉस मात्र चकचकीत आणि बुळबुळीत होतो, तो मी करत नाही.

आता भाज्या. डिसेंबर-जानेवारीत मटार, फ्लॉवर, लाल गाजरं, फरसबी सगळंच ताजं आणि त्यातल्या त्यात स्वस्त असतं, म्हणून या पदार्थाचा खरा मोसम हाच. भाज्या वाफवायच्या त्या अर्ध्याकच्च्या, आणि मग चाळणीत निथळून कापडावर पसरून कोरड्या करायच्या. ही पायरी सगळे गाळतात आणि मग 'सॉसला पाणी सुटलं' म्हणून दुधाला नावं ठेवतात. दुधी, कोबी, झुकिनी यांना आतून पाणी सुटतंच, ती थोडीच घ्यावीत. टोमॅटो सॉसमध्ये मिसळू नये, आंबटपणाने दूध फाटायची भीती. हवाच असेल तर वर चकत्या लावा.

चीज कोणतं, यावर आमच्या घरात दरवर्षी वाद होतो. साधं क्यूबचं प्रोसेस्ड चीज वितळतं सुरेख, पण तार धरत नाही, कारण ते बनवताना त्यात घातलेले क्षार पाणी आणि स्निग्धांश एकजीव धरून ठेवतात. मोझरेलाला तार येते आणि वर डाग पडतात तसे तपकिरी ठिपकेही येतात, पण चवीला ते अळणी. मी सॉसमध्ये प्रोसेस्ड घालते, वर मोझरेला आणि टोस्टचा चुरा. मुलांना तार दिसली की निम्मं जेवण झालेलं असतं.

200 अंशांवर, वरची-खालची दोन्ही कॉइल लावून वीस-पंचवीस मिनिटं, शेवटची पाच फक्त वरची. बाहेर काढून दहा मिनिटं थांबायचं, मगच वाढायचं. मायक्रोवेव्हच्या नुसत्या मायक्रो मोडवर हे होत नाही. गरम होईल, तांबूस होणार नाही. कन्व्हेक्शन असेल तर ठीक.

या पदार्थाचा मोठा फायदा म्हणजे तो आदल्या रात्री लावून ठेवता येतो. फक्त एक गोष्ट मी नुकसान सोसून शिकले आहे. काचेचं भांडं फ्रिजमधून काढून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये सरकवलं, आणि 'टक्' असा आवाज झाला. बाहेर पाहुणे, आत काचा आणि व्हाइट सॉस. त्या रात्री आम्ही पिठलं-भात खाल्ला. तेव्हा भांडं तासभर आधी बाहेर काढून ठेवा, किंवा सरळ अ‍ॅल्युमिनियमचा ट्रे वापरा.

पोपटी ही आमच्या रायगडची. अलिबाग, पेण, रोहा, माणगाव या पट्ट्यात भाताची कापणी उरकली की त्याच ओलीवर वाल पेरतात. शेंगा भरल्या की साधारण डिसेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत शेताच्या बांधावर पोपट्या लागतात. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या न सोललेल्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, मग छोटे बटाटे, रताळी, कोनफळ. खाणाऱ्यांच्या घरी मसाला लावलेली कोंबडी केळीच्या पानात बांधून, आणि अंडी. मडकं गच्च भरायचं, तोंडाशी पुन्हा पाला कोंबायचा, उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा, पालापाचोळा, गोवऱ्या रचून पेटवून द्यायचं. अर्धा-पाऊण तास. झाली की नाही ते घड्याळ सांगत नाही. मडक्यावर पाण्याचा शिंतोडा मारायचा, 'चर्र' होऊन पाणी क्षणात उडालं की काढायची. आमचे काका हा शिंतोडा दुसऱ्या कुणाला मारू द्यायचे नाहीत.

भांबुर्डा ही शेताच्या कडेला आपोआप उगवणारी उग्र वासाची वनस्पती. एरवी तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. पण पोपटीचं सगळं गुपित तिच्यात आहे. तिचा वास वाफेबरोबर शेंगांत उतरतो, आणि मडक्याच्या भाजण्याचा, धुराचा वास त्यात मिसळतो. ओवा आणि मीठ यापलीकडे मसाला नाही, तरी चव भरगच्च लागते.

मग फ्लॅटमध्ये काय करायचं? इथे खरं सांगते. ओटीजीमध्ये पोपटी होत नाही. होते ती 'पोपटीसारखी' भाजी, आणि तीही वाईट नसते. पहिली अडचण जागेची. दहा माणसांना दोन किलो शेंगा आणि किलोभर बटाटे धरले तर जेवढं भांडं लागेल, ते सोळा-एकोणीस लिटरच्या ओटीजीत मावत नाही. चारजणांचं माप असेल तर झाकणाचं जाड लोखंडी भांडं किंवा मातीची हंडी घ्या. हंडी थंड ओव्हनमध्येच ठेवून मग तापवा. 200 अंशांवर पन्नास मिनिटं ते तास. झाकण कणकेने चिकटवलं तर वाफ बाहेर जात नाही. जास्त माणसं असतील तर जाड बुडाचं मोठं पातेलं, खाली तवा, मंद आच, तळाला पाल्याचा दोन बोटं जाड थर. खालच्या शेंगा थोड्या करपतील. करपू देत, त्याच आधी संपतात. पूर्वी ओव्हन नसताना आपल्याकडे झाकणावर निखारे ठेवून खालून-वरून आच देत आणि केकसुद्धा तसाच भाजत. गॅसवर वरची आच मिळत नाही, म्हणून अधूनमधून पातेलं धरून हलवायचं, झाकण उघडायचं नाही.

पाला मिळाला नाही तर? शहरात बहुतेक मिळत नाहीच. हंगामात रायगडकडून येणाऱ्या भाजीवाल्यांना सांगून ठेवलं तर कधी एखादी जुडी हाती लागते. नाहीतर केळीचं पान, कोबीची बाहेरची पानं आणि त्यात कुंडीतल्या पानओव्याची मूठभर पानं. वास भांबुर्ड्याचा येत नाही, ओव्याचा येतो. भांबुर्डा म्हणून कुठलाही रानपाला मात्र उपटून आणू नका, ओळख असलेल्या माणसाकडूनच घ्या. अंडी घरच्या पोपटीत घालू नका. वेगळी उकडून शेवटी मिसळा. मडक्यात ती जमतात, ओव्हनच्या कोरड्या धगीत तडकतात, आणि मायक्रोवेव्हमध्ये फुटतात.

मध्येच कुणीतरी विचारणार, गुजराती उंधियूचं काय? नाव 'उंधुं' म्हणजे उपडं, यावरून आलेलं आहे, म्हणजे मूळ तोच मडक्याचा खेळ. पण संक्रांतीला दुकानात जो सुरती उंधियू मिळतो तो कढईत, तेलात न्हालेला असतो. त्याला भाजलेली भाजी म्हणणं धाडसाचं. पोपटीची खरी बहीण म्हणजे वलसाडकडची उंबाडियूं. हिवाळ्यात मुंबईहून अहमदाबादकडे गाडीने जाताना रस्त्याच्या कडेला उपडी मडकी दिसतात ती तिचीच. वालपापडी, कंद, रताळी, वर रानातला पाला, सोबत हिरवी चटणी. त्या बाजूला गेलात तर चुकवू नका, पण घरी करायची तर अडचणी पोपटीच्याच.

आता जावेच्या दहा माणसांकडे येऊ. त्यात सत्तरीच्या पुढची तिघं आहेत, दोघांच्या कवळ्या. शेंगा सोलून दाणे खाणं हे काम दातांचं नसलं तरी बोटांचं आहे, आणि भाजलेली रताळी-कोनफळं चावायला लागतात. बेक्ड व्हेज चमच्याने खाता येतं. पाचेक वर्षांची दोन पोरं आहेत, ती चीज बघून बसतील. तिची स्वयंपाकघरातली धावपळ बघता आदल्या दिवशी लावून ठेवलेला ट्रे हीच सोय. सोबत लसूण लावून भाजलेला पाव आणि टोमॅटोचं सार. सूप नव्हे, सारच, कारण एवढ्या दुधा-चीजवर जिऱ्याची फोडणी आणि आंबटपणा लागतो. तिच्या ओटीजीत एका वेळी एकच ट्रे मावतो, म्हणून दोन मध्यम भांडी करून मागेपुढे लावायला सांगितलं. दुसरं ताटात येईपर्यंत पहिलं गरम असतं.

पण याच दहांत सगळी तिशी-चाळिशीतली असती, गच्चीवर जागा असती आणि कुणाला घाई नसती, तर मी एक क्षणही न दवडता पोपटी सांगितली असती. बेक्ड व्हेज वाढून झालं की माणसं ताट घेऊन सोफ्यावर विखुरतात. पोपटी केळीच्या पानावर ओतली की सगळे भोवती उकिडवे बसतात, बोटं भाजत शेंगा सोलतात, सालांचा ढीग वाढत जातो आणि तासभर कुणी उठत नाही. दूध, मैदा, कांदा, लसूण काहीच नसल्याने न खाणाऱ्यांचीही यादी आपोआप छोटी होते. हाताला मात्र धुराचा वास दोन दिवस राहतो.

परदेशातल्यांना एवढंच सांगेन. भारतीय किराणा दुकानात गोठवलेली सुरती पापडी मिळते, तिच्यावर पोपटी करू नका. बर्फाचं पाणी सुटून शेंगा उकडल्यासारख्या होतात. तुमच्याकडे भला मोठा ओव्हन आहे आणि थंडी आमच्याहून खरी आहे. बेक्ड व्हेज तिथे जास्त शोभतं. पोपटीची हौस भागवायचीच असेल तर छोटे बटाटे आणि रताळी मीठ-ओवा लावून झाकणाच्या भांड्यात भाजा आणि तिला पोपटी म्हणू नका.

उरलं तर दोन्हीचं नशीब वेगळं. बेक्ड व्हेज दुसऱ्या दिवशी गोळा होतं. त्यात थोडं दूध घालून सैल करा, किंवा ब्रेडमध्ये भरून टोस्ट करा, मुलांच्या डब्याला चालतं. पोपटीच्या शेंगा रात्रीच सोलून दाणे काढून ठेवावेत, सकाळी सालं चिवट होतात. त्या दाण्यांची ओलं खोबरं घालून आमटी करायची. भाजल्याचा वास तिच्यात उतरलेला असतो, म्हणून मी शेंगा मुद्दाम अर्धा किलो जास्तच घेते.