ट्रेलरच्या बॅटरीसाठी ओरायन-टीआर स्मार्ट १२/१२-३०: चार्जर चांगला, पण आयसोलेटेडच घ्या

ट्रेलरची बॅटरी ओढणाऱ्या गाडीवरून चार्ज करायला नुसता रिले (दोन बॅटऱ्या थेट जोडणारा स्विच) आता पुरत नाही. नव्या गाड्यांतला स्मार्ट अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरणारा, व्होल्टेज स्वतः बदलणारा जनरेटर, पुढची बॅटरी भरली की व्होल्टेज साडेबाराच्या आसपास उतरवतो, आणि मागची बॅटरी अर्धवट राहते. मागे लिथियम असेल तर उलटा ताप. रिले जोडताच ती भरमसाट करंट ओढते आणि गाडी आयडलिंगवर उभी असताना अल्टरनेटर तापतो. व्हिक्ट्रॉन कंपनीचा ओरायन-टीआर स्मार्ट हा डीसी-डीसी चार्जर (एका बॅटरीवरून दुसरी चार्ज करणारा) दोन्ही भानगडी मिटवतो. इनपुट वरखाली झालं तरी आउटपुटला कमाल ३० अँपिअर आणि बॅटरीच्या प्रकाराप्रमाणे व्होल्टेज मिळतं. सेटिंग मोबाइलवरून ब्लूटूथने होतं.

तो आयसोलेटेड आणि नॉन-आयसोलेटेड अशा दोन रूपांत येतो. आयसोलेटेडमध्ये इनपुट आणि आउटपुटची निगेटिव्ह आतून वेगळी असते, नॉन-आयसोलेटेडमध्ये एकच. व्हॅनमध्ये, एकाच चासीवर, नॉन-आयसोलेटेड चालतो. ट्रेलरचं गणित वेगळं, कारण मध्ये कनेक्टर आहे. त्याची निगेटिव्ह बाजू सैल झाली, तर नॉन-आयसोलेटेड चार्जरचा परतीचा करंट ट्रेलरच्या चासीतून दिव्यांच्या प्लगमधल्या बारीक अर्थ वायरकडे वळतो. पॉझिटिव्हवरचा ६० अँपिअरचा फ्यूज इथे काहीच करत नाही, कारण करंट ३८च्या आसपासच असतो. वितळते ती वायर. आयसोलेटेडमध्ये इनपुट निगेटिव्ह ट्रेलरच्या चासीला न जोडता थेट गाडीच्या बॅटरीपर्यंत नेली, की ती तुटल्यावर चार्जिंग फक्त बंद पडतं.

हे ३८ अँपिअर कुठून आले? आउटपुट १४.२ व्होल्ट गुणिले ३० म्हणजे ४२६ वॅट. कार्यक्षमता ८७ टक्के, म्हणून इनपुटला सुमारे ४९० वॅट, म्हणजे १३ व्होल्टला ३८ अँपिअर. दिव्यांच्या १३ पिनच्या सॉकेटमधल्या अडीच चौरस मिलिमीटर वायरचं हे काम नाही. वेगळी ६ गेजची (सुमारे १३ चौरस मिमी) केबल आणि ५० अँपिअरचा अँडरसन कनेक्टर (जास्त करंटसाठीचा जाड प्लग) घ्या. जाऊन-येऊन १४ मीटर केबलमध्ये ०.७ व्होल्ट पडतं. ६ चौरस मिमीमध्ये हाच आकडा दीड व्होल्ट होतो, आणि इनपुट व्होल्टेज घटलं की चार्जर तेवढीच पॉवर मिळवायला आणखी करंट ओढतो.

फ्यूज दोन हवेत, गाडीच्या बॅटरीजवळ एक आणि ट्रेलरच्या बॅटरीजवळ एक, दोन्ही पॉझिटिव्हवर आणि टर्मिनलपासून वीतभर अंतरात. केबलच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे, हे बरेच जण विसरतात. स्वस्तातले रिसेट होणारे ब्रेकर उष्णतेत उगाच ट्रिप होतात. बोल्टने बसणारे मिडी फ्यूज बरे.

चार्जर मागच्या बॅटरीजवळ, उभा, वर-खाली १० सेंटिमीटर मोकळं ठेवून बसवा. ४० अंशांनंतर दर अंशाला ३ टक्के आउटपुट घटतं, म्हणजे ५० अंशांच्या बंद पेटीत ३०चे २१ अँपिअर उरतात. टर्मिनलचे स्क्रू १.६ न्यूटन-मीटरने आवळा आणि पहिल्या लांब प्रवासानंतर पुन्हा तपासा.

'चार्जिंग सारखं तुटतं' ही नेहमीची तक्रार. इंजिन चालू आहे का, हे चार्जर इनपुट व्होल्टेजवरून ओळखतो. लांब केबलमुळे ते मर्यादेखाली गेलं की तो थोडा थांबून, लोड काढून पुन्हा मोजतो. जाड केबल हा पहिला उपाय. स्मार्ट अल्टरनेटर असेल तर इग्निशनची लाइन चार्जरच्या रिमोट (चालू-बंद) कनेक्टरच्या 'एल' पिनवर द्या. ७ व्होल्टपेक्षा जास्त मिळालं की तो चार्जिंग चालू ठेवतो. १३ पिनच्या सॉकेटमध्ये ही लाइन १० नंबरला असते, आणि सिग्नलपुरती ती वायर पुरेशी आहे.

उणिवा खऱ्या आहेत. करंट कमी करता येत नाही, त्यामुळे १०० अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिडला ३० अँपिअर जास्तच होतात. तिथे १८ अँपिअरचं मॉडेल घ्यावं. सोलरचं इनपुट नाही. बॅटरीच्या तापमानाचा सेन्सरही जोडता येत नाही, म्हणून शून्याखाली लिथियम चार्ज होऊ न देण्याचं काम तिच्या बीएमएसवरच (बॅटरीतल्या संरक्षक सर्किटवरच) सोपवावं लागतं. त्याच कंपनीचा नवा ओरायन एक्सएस कमी तापतो आणि त्यात करंट ठरवता येतो, पण तो नॉन-आयसोलेटेड आहे. तो घेतलात तर निगेटिव्ह केबल आणि कनेक्टर दर काही महिन्यांनी उघडून बघा.