ट्रान्सफर बेल्टचं कॉपियर: काही महिने चालवल्यानंतर

कोरोना वायरच्या (भारित तारेने ठसा कागदावर ओढणाऱ्या) मशीनवरून बेल्टच्या (तेच काम पट्ट्याने करणाऱ्या) मशीनवर आलं की पहिला फरक दिसतो तो जॅममध्ये. वायरच्या मशीनमध्ये ड्रमला, म्हणजे ज्यावर ठसा तयार होतो त्या नळकांड्याला, चिकटलेला कागद सोडवायला वेगळी तार आणि पंजे लागायचे. इथे रबराचा रुंद पट्टा कागद स्वतःवर चिकटवून ड्रमला लावतो आणि तसाच फ्यूजरपर्यंत (ठसा तापवून पक्का करणाऱ्या भागापर्यंत) नेतो. पट्ट्याला आतल्या रोलरमधून धन व्होल्टेज मिळतं, टोनर (शाईची पूड) ऋणभारित असतो, म्हणून तो ड्रम सोडून कागदावर येतो. शेवटी कमी व्यासाचा रोलर असतो. तिथे पट्टा एकदम वळतो, कागद मात्र ताठपणामुळे सरळ पुढे जातो. म्हणूनच ७०-८० जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) कागद बिनतक्रार चालतो आणि पातळ, दमट कागद त्या वळणावर फसतो.

खरी कटकट आहे ती क्लीनिंग ब्लेडची. जॅम झाला की ड्रमवरचा टोनर थेट पट्ट्यावर येतो. तो खरवडणं हे ब्लेडचं काम. धार झिजली किंवा वेस्ट टोनरची (खरवडलेल्या टोनरची) वाट तुंबली की कॉपीच्या मागच्या बाजूला राखाडी पट्टे उमटतात. अशा वेळी ड्रम बदलून काहीच होत नाही. ड्रमचा दोष पुढच्या बाजूला दिसतो आणि ठरावीक अंतराने परत येतो. ३० मिमी व्यासाचा ड्रम असेल तर दर ९४ मिमीला. नवीन ब्लेड कोरडं बसवू नका, पट्ट्यावर घासून उलटतं. धारेवर थोडा टोनर भुरभुरवा, मग पट्टा हाताने त्याच्या चालीच्या दिशेने एक फेरा फिरवून बघा.

फिकट कॉपीचं मूळ शोधायचं तर कागद ड्रमपाशी अर्धा गेलेला असताना पुढचं दार उघडा. ड्रमच्या अजून कागदाला न भिडलेल्या भागावर अक्षरं गडद आणि कागदावर पुसट असतील तर दोष ट्रान्सफरचा, म्हणजे ठसा ड्रमवरून कागदावर उतरण्याचा. ड्रमवरच पुसट असतील तर डेव्हलपर (ड्रमवर टोनर चढवणारा भाग) बघा. ड्रमवर उजेड पडू देऊ नका, काळ्या कागदाने झाका.

पावसाळी हवेत तक्रारी वाढतात. दमट कागदातून भार निसटतो आणि ठसा ठिकठिकाणी विरळ पडतो. रिम फोडली की उरलेले कागद वेष्टनातच गुंडाळून ठेवावेत. विरळ ठशावर उपाय म्हणून सर्व्हिस मोडमध्ये (दुरुस्तीसाठीच्या सेटिंगमध्ये) ट्रान्सफर करंट वाढवत नेणं मात्र महागात पडतं: कागदातून ठिणग्या उडून काळ्या भागात पांढरे ठिपके येतात. पाठपोट कॉपीत दुसरी बाजू वेगळी वागते, कारण फ्यूजरमधून एकदा गेलेला कागद कोरडा झालेला असतो. मशीन त्यासाठी करंट आपोआप बदलतं. जाड कागदाचं तसं नाही, तो ट्रेच्या सेटिंगमध्ये आपणच सांगावा लागतो. हे हमखास राहून जातं.

पट्टा पुसायला कोरडं, धागे न सुटणारं कापड पुरे. थिनर लागलं की वरचा थर जातो, आणि बोटाच्या तेलकट डागाजवळ ठसा फिका उठतो. युनिट बाहेर काढताना कडेच्या चौकटीलाच धरा.