स्वाधार योजना : रत्नागिरीत खोली घेणाऱ्यांसाठी

शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ही योजना. कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला ४३,००० रुपये खात्यात मिळतात : भोजन २५,०००, निवास १२,०००, निर्वाह ६,०००. निवासाचे महिन्याला हजारच पडतात; कॉटबेसिसवर दोघातिघांत खोली घेतली तरच थोडंफार जमतं. मुंबईत एकूण ६०,०००, पण तिथलं भाडं विचारूच नका.

खरी गोची आधारशी जोडलेल्या खात्याची. पैसे आधार शेवटचं ज्या बँकेशी जोडलं तिथेच जातात, मग अर्जात कुठलंही पासबुक लावा. आधी बँकेत सीडिंग, म्हणजे आधार कुठल्या खात्याशी जोडलंय ते, तपासा. भाडेकरार लेखी घ्या. डिपॉझिट मात्र जूनमध्येच मोजावं लागतं, मंजुरी नंतर. योजना चांगली, वेळापत्रक नाही.