तीन रात्रींच्या सुट्टीसाठी पणजी की कोची? व्हीलचेअर सोबत असणाऱ्या कुटुंबांसाठी तुलना

तीन रात्रींची सुट्टी, समुद्रकाठचे शहर आणि सोबत व्हीलचेअर, एवढ्या अटी ठरल्या की महाराष्ट्रातून निघणाऱ्या बहुतेक कुटुंबांपुढे पणजी आणि कोची ही दोन नावे येतात. माझे मत सुरुवातीलाच सांगतो, म्हणजे पुढचे तपशील कोणत्या नजरेने वाचायचे ते कळेल. व्हीलचेअर वापरणाऱ्या व्यक्तीला शहरात स्वतःहून, कोणी उचलून न घेता फिरायचे असेल, तर कोची उजवे ठरते. दोन-चार पायऱ्या हात धरून चढू शकणारे वडीलधारे आणि घरची गाडी सोबत असेल, तर पणजी अधिक सोपे पडते. हा आढावा मुख्यतः व्हीलचेअरच्या बाजूने लिहिला आहे; दृष्टिहीन, कर्णबधिर आणि स्वमग्न प्रवाशांविषयीचे मुद्दे जिथे निवड बदलू शकते तिथे नोंदवले आहेत.

पोहोचण्याच्या बाबतीत पणजीशी स्पर्धा होऊच शकत नाही. कोल्हापूर-सांगलीकडच्या कुटुंबाला सकाळी घरून निघून दुपारचे जेवण पणजीत घेता येते आणि वाटेत हवे तिथे थांबता येते. कॅथेटर किंवा डायपर वापरणाऱ्या प्रवाशाच्या दृष्टीने या सोयीची किंमत मोठी आहे. मुंबईहून जून 2023 पासून वंदे भारत एक्सप्रेस धावते, परंतु ती थिवी आणि मडगाव येथे थांबते, पणजीला सर्वांत जवळच्या करमळीला नाही. शिवाय पावसाळ्यात तिच्या फेऱ्या कमी होतात. ज्या अपंग प्रवाशाला सोबतीशिवाय प्रवास शक्य नाही, त्याला आणि त्याच्या सोबत्याला साध्या मेल-एक्सप्रेस गाड्यांच्या शयनयान व तृतीय श्रेणी वातानुकूलित डब्यांत भाड्यात 75 टक्के सवलत मिळते, मात्र त्यासाठी रेल्वेचे सवलत ओळखपत्र आधी काढून ठेवावे लागते. कोचीसाठी कोकण रेल्वेने जाणारी नेत्रावती एक्सप्रेस आहे, पण तिला एक दिवसाहून अधिक वेळ लागतो. नेहमीच्या डब्याच्या बोळातून व्हीलचेअर जात नाही आणि स्वच्छतागृहापर्यंत तर नाहीच, म्हणून कोचीला विमानानेच जावे असे मी म्हणेन. विमान कंपनीला किमान 48 तास आधी व्हीलचेअर साहाय्याची सूचना द्यावी, आणि खुर्ची बॅटरीवर चालणारी असेल तर बॅटरीचा प्रकार व क्षमता लेखी कळवून त्यांचे उत्तरही लेखीच घ्यावे.

खरा फरक शहरात उतरल्यानंतर जाणवतो. कोचीत एप्रिल 2023 मध्ये वॉटर मेट्रो सुरू झाली. कोचीन शिपयार्डने बांधलेल्या या वातानुकूलित बॅटरी-बोटींत सुमारे 100 प्रवासी मावतात, आणि मुख्य म्हणजे त्या तरत्या धक्क्याला लागतात. धक्का पाण्याबरोबरच वरखाली होत असल्यामुळे बोटीचा तळ आणि धक्क्याची पातळी नेहमी जवळपास सारखी राहते व खुर्ची सरळ आत नेता येते. कोचीच्या खाडीत भरती-ओहोटीतला फरकही सुमारे एक मीटरचाच असल्याने किनाऱ्यावरून धक्क्याकडे जाणारा उतार फारसा तीव्र होत नाही. 2024 पासून हायकोर्ट ते फोर्ट कोची ही फेरी सुरू झाल्यावर शहराच्या मुख्य पर्यटनस्थळापर्यंत पायरी न चढता जाणे शक्य झाले. एर्नाकुळम, म्हणजे कोचीचा मुख्य भूमीवरचा भाग, ते फोर्ट कोची राज्य जलवाहतूक खात्याच्या जुन्या बोटीही चालतात. त्या स्वस्त आहेत आणि गप्पागोष्टींनी भरलेल्या असतात, पण त्यांत चढताना धक्का आणि बोट यांमधली फट पाय टाकून ओलांडावी लागते. तिकीट घेताना दोन्हींत गल्लत होऊ देऊ नये.

रुळांवरची मेट्रो जून 2017 पासून चालू आहे. स्थानकांत लिफ्ट, दृष्टिहीनांसाठी पायाला जाणवणाऱ्या खुणांच्या फरशा आणि डब्यांत व्हीलचेअरसाठी राखीव जागा आहे. तृतीयपंथी व्यक्तींना सुरुवातीपासूनच कर्मचारी म्हणून सामावून घेण्याचा निर्णयही याच मेट्रोने घेतला होता. साखळीत दोन दुवे मात्र तुटलेले आहेत. विमानतळ मेट्रो मार्गावर नाही, आणि फोर्ट कोचीची बोट ज्या हायकोर्ट धक्क्यावरून सुटते, तो मेट्रो स्थानकाला लागून नाही. वायटिलाला मेट्रो आणि वॉटर मेट्रो शेजारी शेजारी आहेत, परंतु तिथून बोट काक्कनाडकडे जाते. त्यामुळे मधल्या अंतरासाठी रिक्षा किंवा टॅक्सी घ्यावीच लागते, आणि रिक्षात बसवताना उचलणे आलेच. एर्नाकुळममध्ये मुक्काम करणाऱ्याने हायकोर्ट धक्क्याच्या जवळचे हॉटेल निवडले, तर हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटतो.

पणजीत असे काही नाही. मांडवीवरच्या फेरीबोटी पादचाऱ्यांना मोफत आहेत आणि त्यांचे पुढचे झाकण थेट उतारावर पडते, त्यामुळे ऐकताना सोय वाटते. पण इथे भरती-ओहोटीतला फरक सुमारे दोन मीटरचा आहे आणि ओहोटीला उघडा पडलेला उतार शेवाळाने निसरडा झालेला असतो. मागून खुर्ची धरणाऱ्याचा पाय घसरला, तर काय होईल याची कल्पना करावी आणि भरतीची वेळ पाहूनच जावे. मुंबई-पुण्यात अंगवळणी पडलेल्या ॲप टॅक्सी गोव्यात चालत नाहीत. गोवामाइल्स हे स्थानिक ॲप आहे, नाहीतर हॉटेलच्या दारातली टॅक्सी, तीही तिच्याच दराने. म्हणून पणजी निवडायचे तर आपली गाडी न्यावी किंवा तीन दिवसांसाठी एकच गाडी चालकासह ठरवावी. दोन्ही शहरांसाठी एक सूचना: गाडी ठरवताना डिकीत सीएनजीची टाकी आहे का ते विचारावे. टाकी असली की घडीची व्हीलचेअरही मागे बसत नाही, आणि मग ती टपावर बांधायला दोरी शोधण्यात सकाळ जाते.

पाहण्याच्या ठिकाणांत दोन्हीकडे कमीअधिक आहे. फोर्ट कोची सपाट आणि आटोपशीर आहे. मासेमारीची चिनी जाळी वरखाली होताना रस्त्यालगतच्या पदपथावरून दिसतात, जरी जुन्या झाडांच्या मुळांनी तो पदपथ ठिकठिकाणी उचलला गेला आहे. फोर्ट कोचीलगतच्या मट्टनचेरीच्या राजवाड्यातली रामायणाची भित्तिचित्रे वरच्या मजल्यावर आहेत आणि जिन्याला पर्याय नाही, त्यामुळे व्हीलचेअरवरच्या प्रवाशाने तिथे वेळ घालवू नये. जवळचे 1568 सालचे परदेसी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, शुक्रवारी दुपारनंतर आणि शनिवारी बंद असते, शिवाय आत चपला काढाव्या लागतात. ज्यांच्या पायांत आधाराचे बूट बांधलेले असतात, त्यांनी हे आधीच लक्षात घ्यावे. दृष्टिहीन प्रवाशासाठी मात्र मट्टनचेरीचा हाच भाग सर्वांत श्रीमंत आहे: सुंठ, मिरी आणि वेलदोड्याच्या वखारींचा वास गल्लीगणिक बदलतो. कर्णबधिर प्रवाशाने संध्याकाळी कथकळी अवश्य पाहावे, आणि रंगभूषा चालू असतानाच जाऊन बसावे, कारण मुद्रा आणि डोळ्यांच्या हालचाली यांनी कथा पुढे जाते. स्वमग्न मुलाला नेताना जरा विचार करावा. बंद सभागृहात कथकळीच्या साथीला वाजणाऱ्या चेंडा या ढोलाचा आवाज फार मोठा होतो.

पणजीत फोंतायन्यास ही जुनी वस्ती छायाचित्रांत जितकी लोभस दिसते तितकीच खुर्चीला अवघड आहे: चढउताराच्या अरुंद गल्ल्या आणि प्रत्येक घराला पायऱ्या. इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चचा नागमोडी जिना खालच्या चौकातूनच पाहावा, तसाही तो तिथूनच सुंदर दिसतो. जुने गोवे याला अपवाद आहे. 1986 पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या चर्चांच्या भोवती मोकळे, बरेचसे सपाट आवार आहे आणि अर्धा दिवस तिथे आरामात जातो.

समुद्राविषयी अपेक्षा माफक ठेवाव्यात. फोर्ट कोचीचा किनारा पोहण्याजोगा नाही. पणजीचा मिरामार किनारा रुंद आहे, पण तिथल्या पाण्यात ओढ असते आणि कोरड्या वाळूत साध्या व्हीलचेअरची पुढची लहान चाके रुततात. रुंद, फुगीर चाकांची वाळूवरची खुर्ची मिळाल्यास गोष्ट वेगळी. ती कुठे मिळेल याची चौकशी निघण्यापूर्वी करावी. जानेवारी 2023 मध्ये पणजीत अपंग व्यक्तींसाठीचा पर्पल फेस्ट पहिल्यांदा भरला. त्याचा महिना दरवर्षी एकच नसतो, परंतु तो जुळून आला तर त्या दिवसांतल्या पणजीविषयी वरची बरीचशी टीका मी मागे घेईन.

मुक्कामासाठी दोन्ही शहरांतली जुन्या वाड्यांची गेस्टहाउसे टाळावीत; लिफ्ट नसते आणि उंबरठे उंच असतात. एका हॉटेलाने आम्हाला फोनवर 'रॅम्प आहे' असे सांगितले होते. रॅम्प होता, सामानाच्या ढकलगाडीसाठी, आणि त्यावरून खुर्ची चढवायला तीन माणसे लागली. तेव्हापासून आम्ही मापे विचारतो. रॅम्पचा उतार 1:12 पेक्षा तीव्र नसावा, म्हणजे 15 सेंटिमीटरच्या पायरीसाठी किमान 180 सेंटिमीटर लांबी हवी. स्वच्छतागृहाचे दार 90 सेंटिमीटर मोकळे उघडावे आणि आत खुर्ची वळायला दीड मीटरची जागा असावी. दारात मोजपट्टी धरून काढलेला फोटो मागवावा. फोटो पाठवायला टाळाटाळ करणाऱ्या हॉटेलाचा विचार सोडून द्यावा. मोठी आधुनिक हॉटेले एर्नाकुळममध्ये धक्क्याच्या आसपास मिळतात, तर पणजीत ती महाग पडतात आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तर हाताला लागत नाहीत.

भाषेचे पारडे पणजीकडे झुकते. औषधाच्या दुकानात, इस्पितळात किंवा रस्त्यात कोणाला 'जरा मागून धरता का' असे विचारताना मराठी चालते. कोचीत हिंदीपेक्षा इंग्रजीचा उपयोग अधिक होतो. मट्टनचेरीच्या चेरलाई भागात मात्र पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या गौड सारस्वतांची कोकणी ओळखीची वाटेल.

हंगामाचा निर्णय प्रकृतीवर सोडावा. मणक्याच्या वरच्या भागाला दुखापत झालेल्या व्यक्तीला घाम नीट येत नाही आणि शरीर थंड राहत नाही. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्येही उष्म्याने त्रास वाढतो. अशांनी मार्च ते मे दोन्ही शहरे टाळावीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कोचीला परतीचा पाऊस दुपारनंतर गाठतो, पणजी तेव्हा बरीच कोरडी झालेली असते. डिसेंबरअखेर फोर्ट कोचीत कार्निव्हलची आणि 31 तारखेला पाप्पांजी हा म्हाताऱ्याचा पुतळा जाळण्याची गर्दी होते, पणजीतही तीच गत, म्हणून आवाज व गर्दी सहन न होणाऱ्यांनी जानेवारीचा दुसरा पंधरवडा धरावा. फेब्रुवारीत जायचे झाल्यास गोव्याच्या कार्निव्हलच्या तारखा आधी पाहून मगच तिकिटे काढावीत.