वेल्डिंगचा रॉड बदलल्यावर बीड पुन्हा कुठून उचलायचं?

बोटाएवढं थोटूक उरलं की रॉड बदलावाच लागतो, त्यामुळे लांब बीडमध्ये (वेल्डच्या धातूच्या पट्ट्यात) जोड येणारच. नाशिकच्या अंबड-सातपूरच्या शॉपमध्ये तो तीन तऱ्हांनी घेतलेला दिसतो.

पहिली तऱ्हा म्हणजे स्लॅग, म्हणजे रॉडच्या लेपाचं बीडवर जमणारं कवच, लाल असतानाच त्यावर नवा रॉड टेकवणं. थंड स्लॅगमधून करंट जात नाही, लालभडक स्लॅगमधून जातो, म्हणून आर्क (रॉडच्या टोकाशी पेटणारी विजेची ज्योत) पटकन पेटतो. ६०१३ जातीच्या रॉडवर चपळ हाताला हे जमतंही. पण क्रेटरच्या (बीड थांबलं तिथल्या खळग्याच्या) कडेची स्लॅग आधी घट्ट होते आणि नव्या धातूखाली दबून राहते. वरून बीड सलगच दिसतं. मागच्या द्राक्ष हंगामात आमच्याकडे ट्रॉलीचा तुटलेला हूक आला होता. तुटल्या तोंडात, बरोबर रॉड बदलल्याच्या जागी, गव्हाच्या दाण्याएवढी काळी, काचेसारखी स्लॅग. ट्रॉली भरलेली होती. तेव्हापासून खिडकीच्या ग्रिलपलीकडे मी ही तऱ्हा कुणाला सांगत नाही.

दुसरी रोजच्या कामाची. चष्मा लावून क्रेटर आणि मागचं दोनेक सेंटिमीटर बीड चिपिंग हॅमरने साफ करा, वर वायर ब्रश मारा. आर्क क्रेटरमध्ये मारू नका. बीड जिकडे जाणार त्या बाजूला १०-१५ मिमी पुढे मारा आणि मागे या. तेवढ्यात रॉडचं टोक तापतं, आर्क स्थिर होतो, आणि मारल्याची खूण नंतर बीडखाली वितळून जाते. ६०१३ ला मागे येताना आर्क किंचित लांब चालतो. ७०१८ जातीच्या रॉडला मात्र आखूडच हवा, नाहीतर सुरुवातीलाच बारीक छिद्रं पडतात. क्रेटरमध्ये आलात की क्षणभर थांबा. वितळलेला रस जुन्या कडेला भिडताना दिसला की निघा. लवकर निघालात तर खळगा राहतो, जास्त रेंगाळलात तर गाठ येते. नजर बसायला महिना-दीड महिना लागतो, पण एकदा बसली की जोड शोधावा लागतो.

तिसरी ग्रायंडरची: बीडचं टोक घासून उतरतं करायचं आणि वरच्या बाजूने आर्क आणायचा. प्रत्येक जोडाला एक-दोन मिनिटं जातात, पण क्रेटरमधली बारीक चीरही निघून जाते. पाइपचा रूट (जोडाच्या तळाचा पहिला थर), एक्स-रे होणारं काम, वजन उचलणारा हूक असेल तर ही मिनिटं वाचवू नका. द्राक्षाच्या मांडवाचे अँगल, गेट, शेडच्या कैच्या यांना दुसरी तऱ्हा पुरते.

हात कुठवर आलाय ते पाहायचं असेल तर भंगारातल्या दोन ६ मिमी पट्ट्या टी आकारात उभ्या करा, एकाच बाजूने बीड मारा, मुद्दाम मधोमध रॉड बदला. मग उभी पट्टी बीडच्या बाजूला घणाने पाडा आणि तुटलेल्या तोंडात जोडाची जागा नीट बघा.