आठ महिने वापरलेली बोटीची मोटर आणि काळे पडणारे प्लग

२०१९ आणि २०२१ चा महापूर ज्यांनी कोल्हापूरजवळच्या चिखलीत पाहिला, त्यांना गावात स्वतःची बोट का हवी हे सांगावं लागत नाही. वर्गणी काढून गेल्या ऑक्टोबरात आम्ही रबरी बोट आणि ८ हॉर्सपॉवरची, दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक मोटर घेतली. मोटर दोघांत सहज उचलते, ओढही चांगली आहे. तक्रार होती ती प्लगची, म्हणजे सिलिंडरात ठिणगी पाडून पेट्रोल पेटवणाऱ्या भागाची.

दर रविवारी पंचगंगेत सराव. सुटताना मोटर झकास, पण अर्धा तास हळू चालवली की खोकायला लागायची आणि शेवटी एकाच सिलिंडरवर यायची. प्लग काढावा तर काळाकुट्ट, तेलानं चिकट. विकणाऱ्यानं फोनवर "नवीन टाका" एवढंच सांगितलं. जानेवारीपर्यंत सहा प्लग गेले. पैसे गेले त्याचं एवढं नाही, धास्ती वेगळीच होती. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडतं तेव्हा शिवारातून धार वाहते. तिथं माणसं भरलेली बोट आणि बंद मोटर, हा विचारही नको वाटतो.

शेवटी कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी मोटरीला हातच लावला नाही. दोन्ही प्लग पेपरवर ठेवले आणि विचारलं, "पोरांनो, पेट्रोलमध्ये तेल किती घालतायसा?"

चूक तिथंच सापडली. आमच्या मोटरीच्या पुस्तकात पहिले १० तास २५:१ आणि पुढं ५०:१ लिहिलंय. म्हणजे लिटरभर पेट्रोलला आधी ४० मिली तेल, नंतर २०. आम्ही ४० वरच अडकलो होतो. त्यात तेल मोटारसायकलचं. पाण्यानं थंड होणाऱ्या बोटीच्या मोटरीला टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं तेल लागतं, मोटारसायकलच्या तेलानं राख साठते. प्लगही पुस्तकातल्या ७ ऐवजी ८ नंबरचा बसवलेला. एनजीके कंपनीच्या प्लगमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा. टोक साधारण ४५० अंशांच्या वर गेलं तरच काजळी जळते. आमचं हळू चालवणं आणि थंड प्लग, मग ती जळणार कुठून?

रंग वाचायला त्यांनीच शिकवलं. कॉफीसारखा तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा चोक ओढलेला राहिला. ओला आणि तेलकट म्हणजे तेल जास्त, नाहीतर ठिणगी कमजोर. पांढरा फटक दिसला तर मोटर लगेच थांबवायची, ती तापतेय. एकच प्लग बिघडत असेल तर दोन्हींची अदलाबदल करायची. दोष प्लगबरोबर गेला तर प्लग खराब, त्याच सिलिंडरवर राहिला तर ठिणगीला वीज देणारी कॉईल, वायर किंवा पेट्रोल-हवा मिसळणारा कार्ब्युरेटर बघायचा. आमचा दोष प्लगबरोबर गेला.

फेब्रुवारीपासून तेल मापट्यानं मोजतो, ५ लिटरला १०० मिली. हळू चालवून झालं की दोन-तीन मिनिटं जोरात पळवतो. घरी बघायची असेल तर पाण्यानं भरलेल्या पिंपात, कोरडी कधीच नाही. आतला पाणी खेचणारा रबरी पंखा, म्हणजे इम्पेलर, जातो. तेव्हापासून एकच जोडी चालू आहे.

एक गोष्ट अजून खटकते. प्लगपर्यंत हात पोचवायला कव्हर पूर्ण काढावं लागतं, पावसात ते अवघड जातं. म्हणून प्लग पाना, प्लगची फट मोजायचा फिलर गेज आणि एक नवी जोडी बोटीतच डब्यात बांधून ठेवली आहे. परवाच्या रविवारी कव्हर काढून पाहिलं, दोन्ही प्लग तपकिरी होते.