सर्व्हर पॅनेलच्या ‘स्वस्त अपडेट’मध्ये 2,00,010 रुपये गेले. होस्टिंगवाल्यांनो, वाचा

सर्व्हर सांभाळायच्या पॅनेलचं लायसन्स बनावट रिसेलरकडून घेऊन आम्ही फसलो. आधी आकडा घ्या, मग काय हसायचं ते हसा. लायसन्स आणि वर्षभराचे अपडेट, 14 सर्व्हर, प्रत्येकी 9,500, म्हणजे 1,33,000. त्यावर 18 टक्के जीएसटी 23,940. झाले 1,56,940. त्यानंतर ‘फर्मवेअर बंडल’ (हार्डवेअरच्या आत बसणारं सॉफ्टवेअर) 27,500 अधिक कर, 32,450. घाण साफ करायला डेटा सेंटरच्या माणसांचे सहा तास, 10,620. बेरीज 2,00,010. वरचे दहा रुपयेसुद्धा पाठ झालेत.

आमचं ऑफिस कोल्हापूरच्या राजारामपुरीत, मशिनं नवी मुंबईत महापेला रॅकवर. गिऱ्हाईक शिरोली आणि गोकुळ शिरगावचे फौंड्रीवाले, दोन-तीन साखर कारखान्यांची वजनकाट्याची सॉफ्टवेअरं. मशिन चालू-बंद करणं, नेटवर्कवरून ऑपरेटिंग सिस्टिम (ओएस) टाकणं, आयपी वाटणं, स्विचचा पोर्ट उघडणं, हे सगळं एका पॅनेलमधून चालतं. मूळ कंपनी परदेशातली. बिल डॉलरमध्ये, कार्डाची आंतरराष्ट्रीय मर्यादा दरवेळी आडवी येणार, वर आयात सेवेचा जीएसटी रिव्हर्स चार्जनं आपणच भरायचा. त्यात सेंटओएस 7 या ओएसचा आधार 30 जून 2024 लाच संपलेला, पॅनेल अल्मालिनक्स या दुसऱ्या ओएसवर हलवणं टाळता येत नव्हतं. अशा वेळी कोणी ‘अधिकृत रिसेलर’ म्हणून रुपयात, जीएसटी बिलासह, मायग्रेशन करून देतो म्हणाला तर ऐकणार नाही असा एक तरी होस्टिंगवाला दाखवा. फुकटचं चोरीचं सॉफ्टवेअर, क्रॅक, शोधत फिरत नव्हतो आम्ही. बिल मागून, कर भरून घेतलं.

आणि तिथंच गळाला लागलो. लेटरहेडवर पत्ता पुण्याचा, जीएसटी नंबर मात्र 24 नं सुरू होणारा. 24 म्हणजे गुजरात, महाराष्ट्राचा 27. बरं, नंबर गुजरातचा तर कर आयजीएसटी हवा. बिलात सीजीएसटी 11,970 आणि एसजीएसटी 11,970. एकाच कागदावर दोन राज्यं! जीएसटीच्या साइटवर नंबर टाकायला अर्धा मिनिट लागतं. टाकला असता तर दिसलं असतं की नोंदणी रद्द झालेली आहे आणि ती कापडाच्या व्यापाऱ्याची होती. पैसे ज्या खात्यात गेले ते फर्मच्या नव्हे, माणसाच्या नावाचं. ‘सर, करंट अकाउंट केवायसीत अडकलंय.’ हे वाक्य कानावर पडलं की फोन ठेवा.

जुलैचं बिल. 14 ऑगस्टला जीएसटीआर-2बी, म्हणजे विक्रेत्यांनी दाखवलेल्या बिलांचा तक्ता आला, त्यात एंट्री नाही. सीएंनी फोन करून सांगितलं. विक्रेता म्हणाला, आम्ही तिमाही रिटर्नवाले, ऑक्टोबरला दिसेल. तिमाही रिटर्नची सोय खरोखरच आहे, म्हणून पटलं. या लोकांची थाप कधी पूर्ण खोटी नसते.

पण सगळ्यात जास्त लाज वाटते ती कर्लची, म्हणजे नेटवरून फाइल ओढणाऱ्या कमांडची. ॲक्टिव्हेशनसाठी त्यानं व्हॉट्सॲपवर एक ओळ पाठवली. कर्लनं स्क्रिप्ट ओढायची आणि थेट बॅशच्या, म्हणजे कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, तोंडात द्यायची, तीही रूट म्हणून, सगळे अधिकार देऊन. ओळ चालवली तर कर्ल अडलं, एरर 60. म्हणजे समोरच्या सर्व्हरचं सर्टिफिकेट पटत नाही, हा तो नव्हेच. कर्ल आमच्यापेक्षा शहाणं निघालं. दोन मिनिटांत त्यानं तीच ओळ पुन्हा पाठवली, मध्ये एक डॅश आणि ‘के’ घालून. त्या ‘के’चा अर्थ तपासणी सोडून दे. हा अर्थ नवीन पोराला आम्ही शिकवतो! आणि रात्री साडेअकराला मायग्रेशन उरकायच्या घाईत तीच ओळ आम्हीच चालवली. एसईलिनक्स, म्हणजे लिनक्सचं सुरक्षाकवच, बंद करा म्हणाला, केलं. स्क्रिप्ट आधी फाइलमध्ये उतरवून वाचली असती तर चाळीसेक ओळींची होती, चहा गार व्हायच्या आत वाचून झाली असती.

त्या स्क्रिप्टनं काय केलं ते नीट समजून घ्या, कारण तुमच्याकडेही हेच सापडेल. इटीसीतल्या होस्ट्स फाइलमध्ये मूळ कंपनीच्या लायसन्स सर्व्हरचं नाव विक्रेत्याच्या आयपीकडे वळवलं. पॅनेलला संशय येऊ नये म्हणून त्याचं रूट सर्टिफिकेट सिस्टिमच्या विश्वासू यादीत घुसवलं. अपडेट जिथून येतात त्या रिपॉझिटरीचा पत्ता बदलला आणि पॅकेजची सही पडताळणारी जीपीजी तपासणी शून्य केली. त्यामुळे ‘अपडेट’ त्याच्या गोठवलेल्या मिररवरून, म्हणजे नकलेच्या सर्व्हरवरून यायचा, म्हणजे यायचाच नाही. पॅनेलच्या तळाशी आवृत्तीचा आकडा मात्र दर महिन्याला वाढत होता, साध्या टेक्स्ट फाइलमध्ये. अपडेट तीन-चार सेकंदांत संपतो याचं आम्हाला कौतुक वाटायचं. आकड्यावर विश्वास ठेवू नका. आरपीएमची, म्हणजे बसवलेल्या पॅकेजेसची, यादी तारखेनुसार लावून बघा आणि पॅकेजेस व्हेरिफाय करा. बायनरीचा, म्हणजे प्रोग्रामच्या फाइलचा, आकार आणि चेकसम बदललेला दिसला तर पुढं काही तपासायची गरज नाही.

फर्मवेअरचं प्रकरण तर शुद्ध भीती विकणं. म्हणाला, तुमच्या एसएसडी 32,768 तासांनी मरणार, डेटासकट. हा दोष खराच होता. नोव्हेंबर 2019 मध्ये सर्व्हर बनवणाऱ्या एचपीईनं स्वतः जाहीर केला होता, तास मोजणारा आकडा तिथं उलटतो, म्हणजे 3 वर्षं 270 दिवस 8 तासांनी डिस्क कायमची जाते. पण तो होता सॅस जोडणीच्या काही मॉडेलमध्ये, दुरुस्तीचं फर्मवेअर एचपीडी8 कंपनीनंच दिलं होतं, आणि आमच्या डिस्क सॅटा जोडणीच्या, दुसऱ्याच कंपनीच्या. स्मार्टसीटीएल या कमांडनं डिस्कचं मॉडेल आणि तास बघायला दोन मिनिटं लागली असती. 32,450 रुपयांना दुसऱ्याच मदरबोर्डच्या फाइल मिळाल्या. त्या चढवल्या नाहीत एवढंच शहाणपण उरलं होतं. बीएमसी म्हणजे मशिन दुरून सांभाळणारी बोर्डावरची चिप, तिचं चुकीचं फर्मवेअर बोर्डाची वीट करतं.

नवरात्रात विक्रेत्याचा तो आयपी मेला. पॅनेल ‘लायसन्स अवैध’ म्हणून कुलूपबंद, विक्रेत्याचा फोन बंद, आणि गाळप तोंडावर आलेल्या कारखान्याचा माणूस रीस्टार्टसाठी फोनवर. तेव्हा कुठं होस्ट्स फाइल उघडली. रूटच्या खात्यात परकी एसएसएच की, म्हणजे दुरून आत शिरायची किल्ली होती. 14 पैकी 11 मशिनच्या बीएमसीत ॲडमिन दर्जाचा एक जादा युजर होता. पॅनेलकडे सगळ्या मशिनचे आयपीएमआयचे, म्हणजे बीएमसीशी बोलायच्या पद्धतीचे, पासवर्ड असतात, ते त्याच्या हातात गेले. ओएस पुन्हा टाकून हा युजर जात नाही, तो बीएमसीच्या स्वतःच्या मेमरीत बसतो. आयपीएमआयटूलनं चॅनल 1 ची युजर यादी काढा, अनोळखी दिसला की काढा, मग फॅक्टरी रीसेट. आयपीएमआय 2.0 युजरचं नाव बरोबर असलं की लॉगिनच्या आधीच पासवर्डचा हॅश समोरच्याच्या हातात ठेवतं, त्यामुळे पासवर्ड पुरे 20 अक्षरांचा, त्याहून मोठा चालत नाही. आयपीएमआयचा पोर्ट, यूडीपी 623, बाहेरून बंद, बीएमसी वेगळ्या व्हीएलएएनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात. हे आम्हाला आधीपासून माहीत होतं, आणि तरी निम्म्या मशिनचे पासवर्ड एकच होते.

साफ करण्याआधी डिस्कची प्रत काढा आणि तिचा एसएचए-256 हॅश, म्हणजे डिजिटल ठसा, लिहून ठेवा. पुराव्याचं प्रमाणपत्र आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली लागतं, त्यात हॅश मागतात. आम्ही हे सगळं घेऊन ठाण्यात गेलो. पहिला प्रश्न, ‘सॉफ्टवेअर मिळालं ना? मग फसवणूक कसली?’ दुसरा, ‘मशिन कुठं आहेत? नवी मुंबई? मग तिकडं द्या की तक्रार.’ गुन्हा कुठंही घडो, तक्रार कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 173 आहे, हे आम्ही सांगितलं तर ‘तुम्ही वकील का?’ आयटी कायद्याचा तपास किमान निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानंच करायचा असतो, आणि साहेब देवळाच्या बंदोबस्ताला. चार खेपा. पेनड्राइव्ह नको, व्हॉट्सॲपचे प्रिंट आणा. 63 पानं रंगीत काढली, दहा रुपये पान, ती या बेरजेत धरलेलीच नाहीत. प्रिंट बघून म्हणाले, ‘हा दिवाणी वाद दिसतोय.’ रूटच्या खात्यातली चोराची किल्ली दिवाणी! बँकेत गेलो तर, ‘ओटीपी तुम्हीच टाकला.’ ग्राहक मंचाचं नाव काढलं तर व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू, तुम्ही ग्राहकच नाही. पोच मिळाली ती पाचव्या खेपेला, वकिलाला सोबत नेल्यावर. वकिलाची फीही बेरजेत नाही.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, फोन करायचा तो पैसे गेल्या गेल्या, खात्यात रक्कम असेपर्यंत. आम्ही केला तेव्हा दोन महिने उलटलेले, खातं रिकामं. सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला सहा तासांत कळवणं 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनी बंधनकारक आहे, आणि लॉग 180 दिवस ठेवणंही. लॉग ठेवले होते म्हणून निदान ती एसएसएच की कधी घुसली ती तारीख सापडली.

रिसेलर खरा का, हे मूळ कंपनीला ईमेल करून विचारा. आम्ही विचारलं, पण नंतर. उत्तर चार तासांत आलं, ‘हे नाव आमच्याकडे नाही.’

11 पैकी आठ बीएमसी साफ झाले. तीन लटकलेत, ते पॉवर बटणाला दाद देत नाहीत, कारण बीएमसी स्टँडबाय पॉवरवर जगतो, दोन्ही पॉवर सप्लायच्या केबल ओढाव्या लागतात. डेटा सेंटरवाले त्याचे पुन्हा तासाचे पैसे मागतायत. त्या तिन्हींच्या मॅनेजमेंट केबल काढून ठेवल्यात. गुरुवारी आमचा माणूस महालक्ष्मी एक्स्प्रेसनं निघतोय, ठाण्याला उतरून महापेला जाईल.